जोडीचं खेचर

मंगळवार, ४ मार्च

सामान लागलं. हिच्या मते लागलं. माझ्या मते अजून चार खोकी भिंतीकडे तोंड करून बसली आहेत आणि माझा दाढीचा आरसा त्यांतल्या कशात आहे हे कुणालाच ठाऊक नाही. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगी म्हणते, "बाबा, माझ्यापासून दोन गल्ल्यांवर एवढंच मिळालं." बरोबर आहे तिचं. म्हातारपणी लेकीजवळ राहायचं म्हणून तर गाव सोडलं. पण जिना उभा आहे. ज्याने बांधला त्याला एकदा चढायला लावायला हवं होतं.

ही वही पुन्हा सुरू केली त्याला कारण आहे. फौजेत मी खेचरांच्या पलटणीत होतो. डोंगरावर जिथे गाडी जात नाही तिथे आमची जनावरं सामान पोचवायची. प्रत्येक जनावराची रोज नोंद करावी लागे: खाल्लं का, पाणी प्यालं का, पाय कसे, श्वास कसा. शाळा मी चौथीतच सोडलेली, त्यामुळे लिहायला खरा शिकलो तो या नोंदींपायी. आता खेचरं नाहीत, पण हिला हल्ली दम लागतो. डॉक्टरपुढे माझी बोबडी वळते आणि सगळं विसरायला होतं, म्हणून लिहून ठेवलेलं बरं.

आजची नोंद: हिचं जेवण ठीक, पाणी ठीक. जिन्यात पहिल्या वळणावर थांबली. म्हणाली, "थांबा हो, मला दम लागला." मग मीही थांबलो. बायकोला मागे टाकून पुढे जाणं बरं दिसत नाही.

बुधवार, ५ मार्च

जुन्या गावी बरं होतं. छावणीचं इस्पितळ कोपऱ्यावर. कार्ड दाखवलं की आत. तिथले डॉक्टर मला बघितलं की विचारायचे, "कसं काय?" मी म्हणायचो, "ठणठणीत, साहेब!" झाली तपासणी.

इथे छावणी नाही. निवृत्त सैनिकांच्या योजनेत जे खासगी डॉक्टर नाव घालून आहेत त्यांच्यापैकी एक धरायचा. आधी साधा डॉक्टर. त्याने चिठ्ठी दिली तरच मोठा डॉक्टर बघणार. चिठ्ठीशिवाय थेट मोठ्याकडे गेलात तर योजना हात वर करणार. मुलीने कंप्युटरवरून नावं काढून दिली. नावं पुष्कळ आहेत. एक असतं तर गेलो असतो.

हिला म्हटलं, "उद्यापासून मोहीम."

"मोहीम कसली? डॉक्टर शोधायचाय, शिखर सर करायचं नाही."

"तुझा दम बघता मला तरी शिखरच वाटतंय."

यावर हसली. हसताना मुळीच दम लागला नाही. हा रोग विचित्रच दिसतो. जिन्यातच येतो.

शुक्रवार, ७ मार्च

पहिला डॉक्टर. पत्ता बरोबर होता, पण तिथे गाद्यांचं दुकान. मालकाला विचारलं, "डॉक्टर कुठे गेले?" त्याने तोंडाने काही न बोलता बोट वर केलं. मी वर गेलो. चांगला दोन जिने चढलो. वर नुसत्या गाद्यांची थप्पी. मालक मागून ओरडत आला, "अहो काका, वर म्हणजे देवाघरी!"

मी एका गादीवर बसून घेतलं. सकाळचं खाणं घशाशी आलं होतं आणि छातीवर कुणी गुडघा टेकवावा तसं झालं होतं. पित्त, दुसरं काय. प्रवासात जेवणाच्या वेळा चुकतात. मालक भला माणूस, पाणी दिलं. म्हणाला, "काका, झोपून बघा ना, ही नरम आहे." आजारी माणसालाही गादी विकायला बघतो.

दुसऱ्या डॉक्टरकडे नवीन माणसं घेत नाहीत. तिसऱ्याने योजनाच सोडली. "कागद फार," म्हणे. अरे, कागद आम्ही भरतो, तू नुसतं बघ!

घरी आलो तर ही खालीच उभी. मी चढायला लागलो की बरोबर चढली, आणि वळणावर पुन्हा, "थांबा." मी म्हटलं, "तू घरात होतीस तर खाली कशाला आलीस? उगाच दोनदा जिना." म्हणाली, "हवा खायला." दम लागणाऱ्या बाईने असा हट्ट करावा?

सोमवार, १० मार्च

योजनेच्या फोनवर आधी बँडचं संगीत ऐकू येतं. मी सवयीने सरळ उभा राहिलो. मग ते संपेचना. शेवटी खुर्चीवर बसलो, तेवढ्यात फोनवर माणूस आला.

"आपलं नाव जुन्या विभागात आहे. या विभागातला डॉक्टर तुम्हाला घेऊच शकत नाही."

"पण मी तर इकडे आलोय!"

"तुम्ही आलात, साहेब. तुमचं नाव आलेलं नाही."

म्हणजे मी एवढं वणवण हिंडलो ते व्यर्थ. गादीवाल्याचा डॉक्टर जिवंत असता तरी उपयोग नव्हता. मी त्याला म्हणालो, माणूस आधी येतो की नाव? तो म्हणाला, पद्धतीप्रमाणे नाव. माझा आवाज चढला तशी हिने फोन माझ्या हातातून काढून घेतला. शांतपणे जुना पत्ता सांगितला, नवा सांगितला, आकडे वाचले. आठवड्यात नाव येईल म्हणाला. मग ती फोन घेऊन गॅलरीत गेली आणि हळू आवाजात बराच वेळ बोलली.

"एवढं काय विचारत होतीस?"

"विचारलं की बायकोला दाखवायला गेलं तर त्याच खेपेला नवऱ्यालाही तपासतात का."

"मला? मला काय धाड भरलीय?"

"काही नाही हो. नियम विचारला. माहीत असलेला बरा."

हिला पहिल्यापासून चौकशांची हौस.

मंगळवार, ११ मार्च

मुलगी बँकेतून परस्पर आली. दारातच म्हणाली, "बाबा, किती उतरलात!"

"माझ्याकडे काय बघतेस? आईकडे बघ. जिन्यात थांबते रोज."

मुलीने आईकडे बघितलं. आईने मुलीकडे बघितलं. मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि कुजबुज सुरू. मी पाणी प्यायला गेलो तर दोघी एकदम गप्प. नळ सुद्धा बंद केला. माझ्याच तक्रारी चालल्या असणार. मी चिडचिड करतो, मला मान्य आहे. पण कुणाच्या काळजीने करतो?

डावी दाढ ठणकते आहे. म्हणजे आता दाताचाही डॉक्टर शोधा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आधी हिचं होऊ दे.

शुक्रवार, १४ मार्च

पहिल्या मजल्यावर एक शिंपी राहतो. आता शिवण सोडलंय, पण गळ्यात टेप अजून असतो. सवय. त्याने जिन्याच्या वळणावर एक स्टूल आणून ठेवलंय. ही म्हणाली, "मीच मागितलं, माझ्यासाठी." पण वळणावर आलो की मलाच बसवते. "तुम्ही बसा. मी बसले की मला उठवत नाही." मी म्हणतो, बरं. स्टूल रिकामं राहण्यापेक्षा कुणीतरी बसलेलं बरं.

शिंप्याला खेचरांचं भारी कौतुक. त्याने विचारलं, "खेचर म्हणे अडेलतट्टू असतं?"

मी म्हटलं, "साफ खोटं! खेचर थांबलं तर त्याला मारायचं नसतं. ओझं तपासायचं. पट्टा काचत असतो, नाहीतर खुरात खडा असतो. त्रास त्यांचा नसतो. त्रास असतो तो न थांबणाऱ्यांचा. आमच्याकडे एक होतं, त्याला सगळे सरदार म्हणायचे. छाती फुटली तरी थांबणार नाही. कमीपणा वाटायचा त्याला. असली जनावरं चालता चालता पडतात, आणि डोंगरात पडलेलं जनावर उठत नाही."

"मग करायचं काय?"

"त्याला हात लावायचा नाही. त्याच्या जोडीचं खेचर थांबवायचं. जोडीचं थांबलं की सरदार आपसूक थांबतो. वर रुबाब असा, की मी काही दमलो नाही हं, हिच्यासाठी थांबलोय!"

शिंपी इतका हसला की टेप घरंगळला. ही कठड्याला टेकून उभी होती. म्हणाली, "ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की एक दिवस मलाच शेपूट फुटेल."

मंगळवार, १८ मार्च

नाव आलं. म्हणजे आता मी अधिकृतपणे इथे राहतो.

लगेच चौथ्या डॉक्टरकडे. काचेमागे एक बाई. काचेला खाली भोक आहे, त्यातून बोलायला कमरेत वाकावं लागतं. तिने कार्ड बघितलं आणि म्हणाली, "योजनेवाल्यांना जूनमध्ये."

"जून? बाई, हिला आत्ता दम लागतोय."

"जास्त लागला तर तातडीच्या विभागात न्या."

"आणि कमी लागला तर?"

"तर जून."

मी वाकलेला होतो तो सरळ झालो. म्हटलं, "बाई, आमच्या पलटणीत खेचराला सुद्धा त्याच दिवशी डॉक्टर बघायचा." मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "काका, मग खेचर म्हणून नाव घाला!" सगळे हसले, काचेमागची बाईही. पण तारीख जूनच राहिली.

परतीच्या वाटेवर दोनदा दिव्याच्या खांबाला धरून उभा राहिलो. राग आला की माझं असं होतं.

पण मी सोडणार नाही. या गावात हिला बघणारा एक तरी डॉक्टर असेलच, आणि असेल तर तो मला सापडेल.

बुधवार, १९ मार्च

योजनेच्या कचेरीत जाऊन बसलो. बाकावर शेजारी एक धिप्पाड म्हातारा. तोफांवर होता, दोन्ही कान गेलेले, त्यामुळे खासगीतलं बोलला तरी आख्ख्या कचेरीला कळतं. मी त्याचं नाव तोफखाना ठेवलं.

"तू कशात होतास?"

"खेचरांत."

"काय?"

"खेचरांत!"

"अरे वा! माझ्या तोफा तुमच्याच जनावरांनी वर नेल्या. आजारी कोण, तू?"

"बायको!"

त्याने मला वरून खालपर्यंत बघितलं. "बायको आजारी आणि तोंड तुझं पांढरं?" सगळी कचेरी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, झोप नाही.

पण त्याने कामाचं सांगितलं. टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक डॉक्टरीण बसते. बाप आरमारात होता, म्हणून ती योजनेच्या माणसांना नाही म्हणत नाही. मात्र फोन कधी उचलत नाही. "फोनची वाट बघशील तर तिरडीवरून जाशील. सकाळी दार उघडायच्या आधी जाऊन उभा राहा. आणि ऐक, बाई तरुण आहे, पण तिच्यापुढे ठणठणीत वगैरे चालत नाही. माझ्या कानात बत्ती घालून बघितलं तिने!"

सोमवार, २४ मार्च

पहिली बस चुकली. पोचलो तोवर त्या दिवसाची माणसं भरली होती. उद्या पुन्हा.

मंगळवार, २५ मार्च

आज बसच्या आधी मीच थांब्यावर. टायरवाल्याने शटर वर केलं तेव्हा रांगेत पहिला मी. डॉक्टरणीच्या मदतनीस बाईने शुक्रवार दिला. "कुणाला दाखवायचंय?" मी हिचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "आणि तुम्ही? मुख्य सभासद तुम्ही ना?" मी म्हटलं, मी ठणठणीत. तिने काहीतरी लिहिलं.

शुक्रवार! जिंकलो. बसमध्ये शेजारच्या माणसालाही सांगितलं. त्याला काही देणंघेणं नव्हतं.

बुधवार, २६ मार्च

एक गोष्ट झाली, ती हिला सांगितलेली नाही. भाजीची पिशवी घेऊन येत होतो. पिशवी काही जड नव्हती. डावा हात एकदम शिशाचा झाला आणि दाढ ठणकली. घाम असा सुटला की सदरा पिळावा. फुटपाथच्या कडेला बसलो. पिशवी एकाच हाताने धरायची माझी खोड वाईट आहे, नस आखडते. थोड्या वेळाने उतरलं.

हिला सांगितलं तर काळजीने तिचा दम वाढेल. शुक्रवारपर्यंत तिला जपायला हवं.

घरी आलो तर ही दारातच. तोंडाकडे बघून म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, टोमॅटो महाग झालेत." तिने पिशवी घेतली आणि गॅलरीत जाऊन मुलीला फोन केला. टोमॅटोबद्दल नसावा.

शुक्रवार, २८ मार्च

आज लिहीत नाही. घरच्यांनीच मला फसवलं.

शनिवार, २९ मार्च

लिहितो. नोंद चुकवायची नाही असा आमच्याकडे दंडक होता, जनावर मेलं तरी.

डॉक्टरीण मुलीच्या वयाची. हिची नाडी, छाती, पाठ सगळं नीट बघितलं. म्हणाली, "आजी, छाती अगदी स्वच्छ आहे. दम कधी लागतो?"

"जिन्यात."

"मग आमच्या जिन्यावर बघू. एकदा चढून या."

ही म्हणाली, "मी एकटी चढत नाही. हे बरोबर लागतात."

मी म्हटलं, चल. टायरच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंत एकच जिना. उतरलो आणि चढायला लागलो. रोज ही वळणावर थांबते. मी थांबायची तयारी ठेवली. ही थांबलीच नाही! भराभर वर. मला वाटलं डॉक्टरणीला दाखवण्यासाठी जिवावर उदार झाली. मागून ओरडणार होतो, पण आवाज निघेना. कठडा धरला. छातीवर तोच गुडघा. वर बघितलं तर ही शेवटच्या पायरीशी उभी, पदराने डोळे पुसत, आणि श्वास अगदी सरळ. खुंटीला टांगलेल्या सदऱ्यासारखी शांत छाती.

डॉक्टरीण माझ्यापाशी खाली आली. हिला तपासलं तीच नळी माझ्या छातीला लावली. मी म्हटलं, "अहो, पेशंट ती आहे!"

"आजोबा, बोलू नका."

"मी ठणठणीत..."

"ते तुमच्या हृदयाला सांगितलंत का?"

आत नेऊन आडवं केलं, तारा लावल्या, कागद निघाला. तिने जिभेखाली गोळी ठेवली. मग विचारलं, दाढ दुखते का? डावा हात? घाम? मी हिच्याकडे बघितलं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. या बाईला माझ्या दाढेचं कसं कळलं?

तिने मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहिली. माझ्या नावाने. "सोमवारीच जायचं. मी फोन केलाय. खरं तर आत्ताच गेलात तर बरं." मी म्हटलं, विचार करतो. ती म्हणाली, "सोमवारच्या आत पुन्हा असं झालं, तर विचार करू नका, सरळ गाडी बोलवा."

घरी येताना चिठ्ठी मी खिशात खोल कोंबली. वळणावरच्या स्टुलावर मात्र बसलो. ही म्हणाली, "मला कधीच दम लागला नाही हो."

मी म्हटलं, "मग इतके दिवस?"

"लग्न झाल्यापासून तुमच्या खेचरांच्या गोष्टी ऐकतेय. एखादी तरी कामाला यायला नको?"

शिंप्याच्या दाराआडून हसू दाबल्याचा आवाज आला. म्हणजे त्यालाही माहीत. आख्ख्या इमारतीला माहीत. सरदाराला तेवढं माहीत नाही.

रविवार, ३० मार्च

जाणार नाही असं सकाळी ठरवलं. खरं लिहितो, भीती वाटते. आमच्याकडे आजारी म्हणून नाव दिलं की पहिलं तुमचं जनावर काढून दुसऱ्याला देत. तुम्ही बरे होऊन आलात तरी ते परत मिळेलच असं नाही. म्हणून कुणी नाव देत नसे. ताप असला तरी ठणठणीत. एकाला मी स्वतः असा ठणठणीत म्हणताना ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी त्याचे बूट आवरले.

दुपारी मुलगी आली. रागावेल वाटलं होतं. ती नुसती माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "बाबा, तुम्ही आईसाठी किती दारं ठोठावलीत. स्वतःसाठी एकही ठोठावलं नसतंत. आम्हाला दुसरा उपाय सुचला नाही."

मी म्हटलं, "आणि उद्या नाही गेलो तर?"

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "तर मी जिन्यात बसेन. खरंच बसेन. तुम्ही काठ्या मारल्यात तरी उठणार नाही."

"मला आजारी म्हटलं की सगळं काढून घेतात गं," मी म्हणालो. असं बोलायचं नव्हतं. निघून गेलं तोंडातून.

ती हात पुसत बाहेर आली. "काय काढून घेतात? मी काय जनावर आहे, दुसऱ्याच्या हाती द्यायला?"

 थोड्या वेळाने मी म्हटलं, कार्ड कुठे ठेवलंय. तिने पिशवी दाखवली. कार्ड, चिठ्ठी, माझा सदरा, आणि दाढीचा आरसा. तो सगळा वेळ हिच्याचकडे होता. म्हणाली, "आरशात स्वतःचं तोंड बघून घाबराल म्हणून दिला नव्हता."

मंगळवार, १ एप्रिल

इस्पितळ. काल आत घेताना एकाने विचारलं, "कसं वाटतंय?" तोंडातून ठ आला होता. गिळला. म्हटलं, "छातीवर गुडघा ठेवल्यासारखं. चढताना. दाढही दुखते." त्याने मान डोलावली आणि लिहून घेतलं. बस्स, एवढंच. कुणी हसलं नाही, कुणी काही काढून घेतलं नाही.

आज मनगटातून तार घालून बघितलं. दोन नळ्या तुंबलेल्या, एक जवळपास पूर्ण. तिथेच उघडल्या, आत जाळी बसवली. मी जागाच होतो. डॉक्टर म्हणाला, "आजोबा, थोडं उशिरा आला असतात तर आपली भेट झाली नसती." मी म्हटलं, "मला आणलंय, मी आलो नाही."

मंगळवार, ८ एप्रिल

काल टायरवाल्या डॉक्टरणीकडे जाऊन आलो. आता ती आमच्या दोघांची डॉक्टर. सगळ्या योजनेत एकच चांगली गोष्ट, की ती सापडली. रांगेत तोफखाना होता. मला बघून ओरडला, "बायको कशी आहे?" मी म्हटलं, "ठणठणीत!" त्याला ऐकू आलं नाही. दोनदा सांगावं लागलं. तोवर सगळ्यांना कळलं.

गोळ्या पुष्कळ आहेत. मुलीने डबी आणून वार लिहून दिलेत. जिना चढायला परवानगी आहे, पण हळू, आणि दमायच्या आधी थांबायचं. दमायच्या आधी! हे कुणी शिकवलंच नव्हतं.

आज संध्याकाळी दोघं खाली फिरून आलो. परत चढायला लागलो. ही माझ्या बाजूने चालत होती. वळण आलं. मी वाट बघत होतो की ही आता म्हणेल, थांबा हो. नाही म्हणाली. पुढची पायरी चढली. अजून एक. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. शिंप्याचं दार किलकिलं होतं.

छातीवर काही नव्हतं. थोडे पाय भरले होते, एवढंच. रेटून वर जाता आलं असतं. सरदार गेलाच असता.

मी म्हटलं, "थांब गं. मला दम लागला."

ती थांबली. दोन पायऱ्या उतरून आली आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"मला नाही लागला," म्हणाली. "पण थांबते."

आजची नोंद: जेवण ठीक, पाणी ठीक. पाय बरे. पहिल्या वळणावर थांबलो. मी.